माझे कान वाजतात

आमच्याकडं कुणी न मारलेली हाक ऐकून "ओ" दिली की माणसं विचारतात, "कान वाजतात काय तुझे?" म्हणजे तुला खोटं ऐकू आलं. कुणी बोलावलं नव्हतं, तू उगाच उठून दारात गेलीस. लहानपणी नायगावकडच्या आमच्या गावात माझी माय मला हेच म्हणायची. मी चुलीपुढून उठून विचारायचे, "माय, हाक मारलीस का?" ती म्हणायची, "न्हाई गं. कान वाजले आसतील." त्यात राग नसायचा. मी परत चुलीपुढं बसायचे.

पुढं माझे कान खरंच वाजायला लागले. रोज, सकाळपासून. तेव्हा सांगायला माझ्याजवळ हाच शब्द होता, आणि त्याचा अर्थ आधीच ठरून गेलेला होता. मी म्हणायचे, माझे कान वाजतात. समोरच्याला ऐकू जायचं, मला भास होतो.

चौथीनंतर माझी शाळा सुटली. त्यामुळं दुसरा एखादा शब्द असला तरी मला ठाऊक नव्हता.

लग्न होऊन मी लातूरला आले. माझा नवरा डाळमिलमध्ये कामाला होता. मिलच्या भिंतीला लागून एक खोली होती, तिथं आमचा संसार. मुलगा जरा मोठा झाल्यावर मीपण मिलमध्ये जायला लागले. डाळ चाळणीवरून खाली यायची, त्यातले काळे दाणे, खडे, सालं वेचायची, असं माझं काम. माझी जागा चाळणीच्या अगदी जवळ होती. ती जागा कुणाला नको असायची, कारण तिथं धूळ आणि आवाज दोन्ही जास्त. मला चालायची.

खरं म्हणजे मला तो आवाज आवडायचा. मी पहिल्यापासून बुजरी. चार बायका जमल्या की मला काय बोलावं सुचत नाही, हात कुठं ठेवावे कळत नाही. मिलमध्ये तो प्रश्नच नव्हता. कानाला तोंड लावून बोललं तरी अर्धं कळायचं, म्हणून कुणी बोलायचंच नाही. कुणाला बोलवायचं तर हाक मारायची नाही, तिच्या पाठीवर दाणा फेकायचा. पाठीला दाणा लागला की वळायचं आणि ओठांकडं बघायचं. एक दाणा म्हणजे इकडं बघ. मूठभर दाणे म्हणजे मुकादम येऊन राहिलाय, हात चालवा. आम्हाला ओठांवरून सगळं कळायचं. कुणाच्या घरी काय झालं, कुणाची सासू काय म्हणाली, सगळं. मीसुद्धा तिथं बोलायचे, कारण तोंड हलवायचं, आवाज काढायचा नाही, एवढं मला जमत होतं.

लाईट गेली की मिल थांबायची. चाळणी थरथरत थरथरत बंद व्हायची आणि सगळ्या बायका पदरानं तोंड पुसत "हुश्श" म्हणायच्या. अशाच एका दुपारी मला कळलं की माझी चाळणी बंद झाली नाही. बाहेर कावळा ओरडत होता तो ऐकू येत होता, बायका बोलत होत्या ते ऐकू येत होतं, आणि त्या सगळ्याच्या मागं एक बारीक लांब सूर चालू होता. मला वाटलं, दुसऱ्या मिलमधून येतो आहे. मी बाहेर जाऊन आले. तो माझ्याबरोबर बाहेर आला आणि माझ्याबरोबर आत आला.

मी शेजारच्या बाईला म्हणाले, "मशीन बंद झाली तरी माझे कान वाजूनच राहिलेत."

ती मोठ्यानं म्हणाली, "ऐका गं! हिचे कान वाजून राहिले म्हणं!"

"बँड लावला का काय? वरात कुणाची हाय?"

"वरात कुठली! नवऱ्यानं कान भरले आसतील रातच्याला."

सगळ्या हसल्या. मीपण हसले. दुसऱ्या दिवशी चाळणी सुरू झाल्यावर माझ्या पाठीवर दाणा आला. वळून बघितलं तर तीच बाई ओठांनी विचारत होती, "वरात कुठवर आली?" पुष्कळ दिवस त्यांची ती मजा चालली. त्या वाईट नव्हत्या. माझ्या आजारपणात त्याच डबा घेऊन यायच्या. पण त्यानंतर मी तिथं तो विषय काढला नाही.

नवऱ्याला एकदा सांगितलं. मिल सुटल्यावर आम्ही खोलीकडं चाललो होतो. मी हळूच म्हणाले, "अहो, माझे कान वाजतात."

"हाव, आणतो," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीभर कांदे आणले.

ह्यांचं काम मोठ्या मोटरीपाशी असायचं. तोवर ह्यांचे कान निम्मे गेले होते, हे मला त्या कांद्यांवरून कळलं. पुढं ते सगळ्यांनाच कळलं. ह्यांच्याशी बोलताना माणसं जवळ येतात, खांद्याला हात लावतात, मोठ्यानं सांगतात. बहिरेपणा दिसतो. माणूस "आं?" म्हणतो, कानामागं हात धरतो. माझं तसं काही दिसत नाही. मला ऐकू येतं. उलट एक आवाज जास्तच येतो, आणि जास्तीची तक्रार कोण ऐकून घेणार?

एकदा हिय्या करून दवाखान्यात गेले. बाकावर बसल्या बसल्या मनात घोकत होते, काय सांगायचं. कान वाजतो म्हटलं तर डॉक्टरही हसतील असं वाटलं. शेवटी आत गेल्यावर मी म्हणाले, "कान दुखतो." डॉक्टरांनी बत्ती लावून बघितलं. "कान तर साफ आहे, बाई," म्हणाले आणि दुखण्यावरचे थेंब लिहून दिले. ते मी बाटली संपेपर्यंत घातले. जे दुखत नव्हतं ते दुखायचं थांबलं, एवढंच.

मग सवय केली. सवय म्हणजे काय, तर एक युक्ती. बारीक आवाज आला की आधी स्वतःला विचारायचं, बाहेर आहे का आत? कुकर आहे का कान? बाहेर कुणाची गाडी आहे का कान? पुष्कळदा तो कानच असायचा. मग मी स्वतःला मायचेच शब्द सांगायचे, न्हाई गं, कान वाजले आसतील. आणि बसल्या जागी बसून राहायचे. दरवेळी उठून बघायला गेलं असतं तर दिवसभर घरात फिरतच राहिले असते.

मुलगा शिकला, त्याला नांदेडला गाड्यांच्या शोरूममध्ये नोकरी लागली. लग्न झालं, मुलगी झाली. मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा सुनेलाही पतसंस्थेत काम मिळालं. सुनेनं स्वतः फोन केला. "आत्याबाई, तुमी या. पोरीला तुमच्यावाचून कोण हाय?" माझे गुडघे तसेही धरले होते, मिलमध्ये खाली बसवत नव्हतं. ह्यांना मिलनं वॉचमन म्हणून ठेवून घेतलं होतं, ते लातूरलाच राहिले. मी पिशवी भरून नांदेडला गेले.

मुलाचं घर गावाबाहेरच्या नव्या प्लॉटिंगमध्ये. निम्मे प्लॉट अजून रिकामे, रस्ता कच्चा. सून कौतुकानं म्हणाली, "बघा आत्याबाई, किती शांत हाय इथं. मिलची कटकट न्हाई, काही न्हाई."

मी मान हलवली. असल्या शांत घरात मी आधी कधी राहिलेच नव्हते. लातूरच्या खोलीत मिल दिवसभर चालायची, तिच्या आवाजात माझा आवाज बुडून जायचा. इथं दुपारी बारानंतर पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं. भांडी घासून पालथी घातली, नळ बंद केला, की तो सूर भिंतीतून निघाल्यासारखा समोर यायचा. मी पंखा लावायचे. उन्हाळ्यात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. थंडी पडली तशी सून म्हणाली, "आत्याबाई, हिवाळ्यात पंखा? पोरगी खोकून राहिली." मी पंखा बंद केला. कशासाठी लावते ते सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं की तो शब्द तोंडाशी यायचा.

शेजारी एक आपा राहायच्या. त्यांचं शिवणकाम होतं, मोटर लावलेली मशीन. दुपारी त्यांची मशीन चालू झाली की मी आमच्या पायरीवर भिंतीला टेकून बसायचे. त्या घर्रर्र आवाजात माझं डोकं हलकं व्हायचं. आपांना वाटायचं, मला बोलायला माणूस पाहिजे. त्या खिडकीतून म्हणायच्या, "अम्मा, अंदर आओ ना. पायरीपे क्या बैठते रोज?" मी हसून नको म्हणायचे. आत गेले असते तर त्यांनी मशीन थांबवून चहा केला असता.

नात मात्र मला बोलायला लावायची. ती समोर असली की मी बुजत नाही. सकाळी ती बालवाडीत जायची, बाराला यायची. जेवण झालं की मी सूप घेऊन डाळ निवडायला बसायचे आणि ती माझ्या मागं. तिला मी मिलचा खेळ शिकवला. हाक मारायची नाही, दाणा मारायचा. ती दाराआडून तुरीच्या डाळीचा दाणा फेकायची.

"आजी, लागला?"

"लागला की."

"कुठं?"

"पाठीवर."

मग मी वळायचे आणि ती आवाज न काढता ओठ हलवून काहीतरी सांगायची. बहुतेक वेळा "गूळ". तेवढं मला ओळखता यायचं.

एकदा तिनं विचारलं, हाक का नाही मारायची? मी म्हणाले, "माझ्या कानात एक आवाज हाय. त्यात तुझी हाक मिसळून जाती." तिनं लगेच आपला कान माझ्या कानाला चिकटवला. किती तरी वेळ तशीच राहिली, श्वाससुद्धा धरून. मग म्हणाली, "काहीच न्हाई येत."

"आत हाय तो."

"आत काय हाय?"

"मिल."

तिला ते पटलं. घरी कुणी आलं की ती सांगायची, "माझ्या आजीच्या कानात मिल हाय." पाहुणे हसायचे, सून हसायची. एका बाईनं तिला विचारलं, "आन् नाकात काय हाय गं, गिरणी का?" मीपण हसायचे. पण माझ्या कानाला कान लावून कुणीतरी ऐकून बघितलं होतं. तिला आलं नाही तर नाही आलं.

पुढं तो खेळ बंद झाला. दाणे गादीत सापडायचे, पायाखाली यायचे, मुंग्या व्हायच्या. सून म्हणाली, "आत्याबाई, अन्न हाय ते. पायाखाली येतं. पोरीला असलं शिकवू नका." तिचं काही चुकलं नाही. मी तर जन्मभर डाळ वेचली, मला आधी कळायला पाहिजे होतं. तेव्हापासून नात हाक मारायला लागली.

त्या दुपारी मी स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसले होते. नात बाहेरच्या खोलीत खेळत होती. मध्येच ती मोरीत गेली असावी. मोरीच्या दाराला आतून खाली एक कडी होती, तिनं ती लावून घेतली, आणि मग तिला ती निघेना.

मला बारीक लांब सूर ऐकू आला. हे मला अजून स्वच्छ आठवतं. मी हातातली शेंग तशीच धरली आणि स्वतःला विचारलं, बाहेर का आत? दार बंद, त्यातून पोरीचा कोवळा चिरका आवाज. तो माझ्या आवाजात असा मिसळला होता की मला दोन्हींमधली शिवण सापडली नाही. मी म्हणाले, न्हाई गं, कान वाजले आसतील. आणि शेंग फोडली.

मग बाहेरचं दार धडाधडा वाजलं. ते ठोकणं माझ्या सुराच्या खालचं होतं, वेगळं, ते लगेच कळलं. दार उघडलं तर आपा, गळ्यात टेप तशीच.

"अम्मा, बच्ची कबसे रोरी! मेरेकू उधर मशीनमें सुनाई दिया, तुमको घर में नै सुनाई दिया?"

त्या मला ओलांडून मोरीपाशी गेल्या. दाराला तोंड लावून त्यांनी पोरीला समजावलं. "बेटा, रोना नै. कडी वर उचल. आता इकडं ओढ. दोन्ही हातानं. शाब्बास." दार उघडलं. नात भिजलेली, डोळे सुजलेले, आवाज बसलेला. ती पळत आपांच्या कमरेला चिकटली. मी हात पुढं केला तर तिनं बघितलं फक्त.

संध्याकाळी आपांनीच सुनेला सांगितलं. सांगायलाच पाहिजे होतं. सून पोरीला मांडीवर घेऊन बसली होती, मुलगा दारात बूट काढत होता.

सून म्हणाली, "आत्याबाई, तुम्हाला ऐकू आलं न्हाई का?"

"आलं."

"आलं? मग?"

"मला वाटलं, कान वाजून राहिलेत."

तिनं पोरीला आणखी जवळ ओढलं. "वाटलं? पोरगी रडून रडून निळी झाली, आन् तुम्हाला वाटलं?"

"माय," मुलगा म्हणाला, "म्हंजे ऐकून तू बसून राहिलीस?"

"रोजच वाजतात रे ते."

"रोज कुणाचे कान वाजतात का, माय?"

मी काय सांगणार? ऐकू आलं नाही म्हटलं असतं तर खोटं झालं असतं. ऐकू आलं म्हटलं तर असं झालं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत मी तिथंच उभी राहिले. त्यांच्या बोलण्यातही तो सूर चालूच होता.

मुलाला वाटलं, मी ह्यांच्यासारखी बहिरी होत चालले आहे आणि लपवते आहे. त्यानं सुट्टी काढून मला कानाच्या दवाखान्यात नेलं. तिथं एका मुलीनं मला कपाटासारख्या छोट्या खोलीत बसवलं, कानावर मोठी यंत्रं चढवली आणि हातात बटन दिलं. "मावशी, आवाज आला की दाबायचं." जाड दार लागलं.

एवढी शांतता मी कधीच बघितली नव्हती. आणि एवढा आवाजही. माझी मिल पूर्ण जोरात सुरू झाली. मी बटन दाबलं.

थोड्या वेळानं दार उघडलं. "मावशी, तुम्ही बटन दाबूनच धरलंय."

"आवाज येऊनच राहिलाय."

"अहो, मी अजून सोडलाच नाही आवाज." ती हसली, मग माझ्या तोंडाकडं बघून हसायची थांबली. तिनं माझ्या कानावरचं यंत्र जरा नीट केलं आणि म्हणाली, "बरं. जो येतो-जातो, तो आला तरच दाबा. जो जातच नाही, त्याला सोडून द्या." मग मला जमलं.

डॉक्टरांनी कागद बघितला. मुलगा शेजारी बसला होता. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, "आजी, कसला आवाज येतो?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. इतकी वर्षं मी मनातल्या मनात उत्तर तयार केलं होतं. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ जशी बारीक सुटते, तसा. त्याच्या खाली चाळणीची थरथर. थकले की सूर वर चढतो. कधी कधी सकाळी उठल्या उठल्या क्षणभर नसल्यासारखा वाटतो, पण तेवढ्यात येतोच. हे सगळं मला सांगायचं होतं. डॉक्टर माझ्याकडं बघत होते, मुलगा बघत होता.

"असाच," मी म्हणाले.

डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढचं ते मुलाशी बोलले. आवाजाच्या कामानं कानाची आतली बाजू झिजते. बारीक आवाज थोडे कमी ऐकू येतात, फार नाही. कानातला आवाज मात्र खरा असतो, रोग्याला तो खरंच येत असतो. जाईल असं औषध नाही. घाबरायचं कारण नाही. अगदी शांत खोलीत ठेवू नका. काहीतरी चालू ठेवा, रेडिओ म्हणा, पंखा म्हणा.

पंखा म्हटल्यावर मुलानं माझ्याकडं बघितलं.

येताना मोटारसायकलवर मी त्याच्या मागं बसले होते. गाडीच्या आवाजात मला बरं वाटत होतं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो मान न वळवता म्हणाला, "माय, म्हंजे खरंच वाजतात?"

"हाव."

"कवापासून?"

"मिलमधे होते तवापासून."

सिग्नल सुटला. तो पुढं काहीतरी बोलला, पण ते वाऱ्यावर गेलं. त्याचे ओठ मला दिसत नव्हते.

त्या संध्याकाळी सुनेनं स्वतः माझ्या खोलीतला पंखा लावला आणि पायावर टाकायला जादा चादर आणून दिली. माझे डोळे भरून आले. मग ती गॅलरीत गेली आणि तिच्या आईला, चाकूरला, फोन लावला. दार उघडं होतं. "माय, तू यायला पाहिजे गं काही दिवस इथं. पोरीसाठी."

दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी झाल्या. माझं वाजणं खोटं होतं तोवर पोर माझ्याजवळ होती. ते खरं ठरलं, आणि ती माझ्याजवळ ठेवण्यासारखी राहिली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सून माझी पिशवी भरायला बसली. लुगड्याची घडी घालता घालता थांबली. "आत्याबाई, आत्ता पण येतो का आवाज?"

"येतो."

"बंद कवा असतो?"

"नसतो."

तिनं लुगड्याची घडी पुरी केली. मग म्हणाली, "राग धरू नका. आधी मला वाटायचं, तुमचं ध्यान नसतं. ध्यान काय, सांगून सांगून ठेवता येतं. पण हे... उद्या गॅसपाशी काही झालं तर?"

"बरोबर हाय तुझं," मी म्हणाले. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. तिनं मान खाली घालून पिशवीची चेन लावली. मला वाटतं, मी भांडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

नात झोपेतून उठलेली नव्हती, तशीच मी निघाले.

लातूरच्या स्टँडवर हे घ्यायला आले होते. मला बघताच सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाले, "पोराचा फोन आलता! कान वाजून राहिले म्हणं तुझे! खरंच का?"

माणसं वळून बघायला लागली. मी पदर ओढून हळूच म्हणाले, "हाव."

"मंग मला कामून बोलली न्हाईस?"

"बोलले होते. तुमी कांदे आणले."

"आं?"

"कांदे!"

"हाईत की घरी," हे म्हणाले आणि माझी पिशवी उचलून पुढं चालायला लागले.

आता मी लातूरच्या त्याच खोलीत असते. मिल दिवसभर चालते, तेवढा वेळ बरा जातो. माझ्या जागेवर दुसरी बाई बसते. मिलला सुट्टी असली की मी पंखा लावून बसते. ह्यांना पंख्याचा आवाज येत नाही, त्यामुळं त्यांची काही तक्रार नसते. थंडी वाजली की तेवढं घोंगडं ओढून घेतात. संध्याकाळी ते मला विचारतात, "वाजून राहिलं का?" मी मान हलवते. तेही मान हलवतात.

रविवारी मुलगा फोन लावून देतो, चित्र दिसतं तसला. मी फोन डब्याला टेकवून समोर बसते. नात बोलते, पण फोनमधून तिचा आवाज आणखीनच बारीक येतो आणि माझ्या आवाजात विरघळतो. पहिल्या रविवारी मी नुसतीच हो हो करत होते. मुलांना कळतं. ती बोलायची थांबली, उठून गेली. मला वाटलं, कंटाळली. पण ती मूठ बंद करून परत आली, आणि फोनवर काहीतरी टिक करून आपटलं.

मागून सुनेचा आवाज आला, "अगं, काच फुटल की! आन् अन्न हाय ते!"

नातीनं तिकडं बघितलं नाही. ती माझ्याकडं बघत होती आणि आवाज न काढता ओठ हलवत होती. लागला?

"लागला की," मी म्हणाले.

कुठं?

मी फोनकडं पाठ केली आणि हात मागं नेऊन पाठ चोळली. वळून बघितलं तेव्हा ती हसत होती.

आता दर रविवारी तेवढंच आमचं बोलणं होतं. फोन बंद झाला की मी सवयीनं खाली फरशीवर बघते, दाणा उचलून घ्यायला. दाणा तिकडं नांदेडला पडलेला असतो.